शांतता करार मागच्या पानापासून वाचावा

दैनिकाच्या परदेशी बातम्यांच्या डेस्कवर बसून मी ‘ऐतिहासिक करार’ आणि ‘नवी पहाट’ असले मथळे भरपूर लावले आहेत. फोटोही ठरलेला: दोन माणसं हात मिळवताहेत, मध्ये तिसरा उभा आणि हसू त्याचंच सगळ्यांत मोठं. यातले काही करार पंचवीस-तीस वर्षं टिकले. काहींची शाई वाळायच्या आत पुन्हा गोळीबार सुरू झाला. कुठला करार कुठल्या वाटेनं जाणार, हे पहिल्या दिवशीच्या बातमीवरून कळत नाही. ते कळतं मजकुरावरून, आणि तोही मागून वाचला तर. लांबलेली युद्धं संपतात कशी हे ज्यांना नीट समजून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी माझी वाचायची रीत इथे लिहिते.

करार मिळवणं अवघड नाही. बहुतेक सगळे इंग्रजीतून उपलब्ध आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर त्यांचा वेगळा संग्रहच आहे. प्रस्तावना खुशाल सोडून द्या. ती मुत्सद्दी लिहितात आणि जगातल्या सगळ्या प्रस्तावना एकमेकींच्या बहिणी शोभतात. परिशिष्टं मात्र वेगळ्या माणसांनी लिहिलेली असतात: सरकारी कर्नल, अर्थखात्याचा कारकून आणि बंडखोरांमधला तो एक अबोल माणूस, ज्याला प्रत्येक छावणीतली डोकी आणि बंदुका तोंडपाठ असतात. खरी घासाघीस तिथे झालेली असते.

वाचताना एकच प्रश्न हाताशी ठेवायचा: ‘मी बंदूक खाली ठेवली, तर उद्या मला कोणी मारणार नाही याची हमी काय?’ दोन देशांच्या युद्धात फौजा आपापल्या हद्दीत परत जातात आणि बंदुका जवळच ठेवतात. गृहयुद्धात तशी सोय नसते. एका बाजूला आपली फौजच मोडायची असते आणि काल ज्यांच्याशी लढलो त्यांच्याच पोलिसांच्या राज्यात राहायचं असतं. जमीन, भाषा, धर्म, तेल, ज्यावरून भांडण पेटलं त्यावर तोडगा निघूनही घोडं पेंड खातं ते इथे.

मजकुराआधी मागची दोन वर्षं चाळा

नेत्यांना एकदम शहाणपण सुचलं म्हणून युद्ध थांबलं, असं क्वचित घडतं. दोघांचेही हात दगडाखाली अडकले आणि ते दोघांनाही मान्य झालं, की मग बोलणी पुढे सरकतात. एल साल्वादोरमध्ये हे अगदी तारीखवार दाखवता येतं. नोव्हेंबर १९८९ मध्ये एफएमएलएनच्या गनिमांनी थेट राजधानीवर चढाई केली. शहराचे काही भाग त्यांनी अनेक दिवस ताब्यात ठेवले, पण ज्या जनतेच्या उठावाची ते वाट पाहत होते तो झालाच नाही. इकडे अमेरिकेकडून वर्षानुवर्षं पैसा घेणाऱ्या लष्कराला गनीम राजधानीत शिरण्यापासून रोखता आलं नव्हतं. त्याच धुमश्चक्रीत लष्कराच्या तुकडीनं विद्यापीठातल्या सहा जेझुइट धर्मगुरूंना, त्यांच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईंना आणि त्यांच्या मुलीला ठार मारलं. पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेसनं लष्करी मदत निम्म्यावर आणली. तिकडे सोव्हिएत गट कोसळत होता, म्हणजे गनिमांचंही पाठबळ आटत होतं. जानेवारी १९९२ मध्ये मेक्सिकोतल्या चापुल्तेपेक किल्ल्यात सह्या झाल्या. १२ वर्षांच्या युद्धात तोवर सुमारे ७५ हजार माणसं गेली होती.

म्हणून ताळा असा घ्यायचा: शेवटच्या मोठ्या लढाईत कोण जिंकलं? ‘कोणीच नाही’ असं उत्तर येत असेल, आणि बाहेरून येणारा पैसा दोन्हीकडे आटला असेल, तर पुढे वाचा. एका बाजूचा पैसा चालू असेल तर करार बहुधा दम खाण्यासाठी केलेला असतो.

एका बाजूच्या पुऱ्या विजयानंही युद्ध संपतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. श्रीलंकेत मे २००९ मध्ये तसंच झालं. गोळीबार थांबला तो थांबलाच. पण हरवलेल्यांचे आईबाप त्यानंतर कित्येक वर्षं रस्त्याकडेला फोटो घेऊन बसत राहिले, आणि तमिळ भागाला किती अधिकार द्यायचे हा मूळ प्रश्न जिथल्या तिथे राहिला. या वाटेची किंमत कोणी मोजली, ते करारात सापडत नाही, कारण करारच नसतो.

‘आम्ही बोलत नाही आहोत’ याचा अर्थ

याला फार वेळ देत नाही. इतकंच लक्षात ठेवा, की जाहीर नकार हा चोरवाटेचाच एक भाग असतो. नोव्हेंबर १९९३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर यांनी संसदेत सांगितलं, की उत्तर आयर्लंडच्या बंडखोरांशी जोडलेल्या शिन फेन पक्षाचे नेते जेरी अ‍ॅडम्सशी बोलायच्या कल्पनेनंच पोटात ढवळतं. त्याच महिन्याच्या शेवटी वर्तमानपत्रानं फोडलं, की सरकार आणि आयआरए ही उत्तर आयर्लंडमधली सशस्त्र संघटना यांच्यात निरोपांची देवाणघेवाण चालूच आहे. ती वाट डेरी शहरातल्या ब्रेंडन डडी नावाच्या व्यापाऱ्यानं सत्तरच्या दशकापासून जिवंत ठेवली होती. दक्षिण आफ्रिकेचं सरकार मंडेलांशी बोलू लागलं ते मंडेला अजून कैदेत असताना. जाहीर बोलणी सुरू झाली की प्रत्येक जण आपल्या माणसांना ऐकू जाईल असं बोलतो. समोरच्याला काय हवंय ते त्याआधीच ठाऊक असावं लागतं.

आता हत्यारांचं परिशिष्ट

इथे मात्र ठाण मांडून बसा. कुठल्याही करारातली माझ्या मते सगळ्यांत खरी पानं हीच.

नेपाळचं उदाहरण घ्या. दहा वर्षांचं माओवादी युद्ध नोव्हेंबर २००६ च्या शांतता करारानं संपलं. लगेच पुढचा करार झाला तो फक्त हत्यारं आणि फौजांच्या व्यवस्थेचा. माओवादी हत्यारं सरकारला देणार नव्हते, कारण दिली म्हणजे हरलो. सरकार त्यांना हत्यारांसकट निवडणुकीला उभं राहू देणार नव्हतं. तोडगा निघाला तो लोखंडी कंटेनरचा. छावणीत कंटेनर ठेवायचे, आत फळ्या मारायच्या, प्रत्येक बंदुकीची नोंद करून ती फळीवर लावायची आणि दाराला एकच कुलूप घालायचं. किल्ली माओवाद्यांकडेच. संयुक्त राष्ट्रांच्या पथकाकडे बंदुकांची यादी, नजर ठेवायला कॅमेरा आणि कोणी दार उघडलंच तर वाजणारा भोंगा. शिवाय जितकी हत्यारं माओवाद्यांची, तितकीच नेपाळी सैन्यानंही आपल्या बराकीत याच पद्धतीनं कुलूपबंद करायची.

यात काय साधलं पाहा. किल्ली जवळ असल्यामुळे माओवादी कमांडरला आपल्या पोरांना सांगता आलं, की आपण शरण गेलेलो नाही. भोंगा असल्यामुळे सरकारला सांगता आलं, की ही हत्यारं बंद आहेत. आणि सैन्याचीही तितकीच हत्यारं आत गेल्यामुळे कुणाची मान खाली गेली नाही. ज्या मसुदाकारांना हे सुचलं त्यांचे फोटो कुठे छापून आलेले माझ्या पाहण्यात नाहीत. पडताळणीत १९,६०२ लढवय्ये पात्र ठरले, छावण्यांत वर्षं काढून कंटाळले, आणि शेवटी २०१२ मध्ये १,४०० च्या आसपास सैन्यात गेले. बाकी बहुतेकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरची वाट धरली. किल्लीचा प्रश्न तोवर आपोआप मिटला होता.

आचेमध्ये वेगळी रीत होती: हातोहात. इंडोनेशियाच्या या टोकाच्या प्रांतात १९७६ पासून बंड चालू होतं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनं तिथे अपरिमित माणसं नेली, आणि ऑगस्ट २००५ मध्ये हेलसिंकीत समझोता झाला. मध्यस्थ होते फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी आहतिसारी. मजकुरात थेट आकडा आहे: बंडखोरांनी ८४० हत्यारं द्यायची, १५ सप्टेंबरपासून ३१ डिसेंबरपर्यंत, चार हप्त्यांत. त्याच चार हप्त्यांत बाहेरून आणलेलं सैन्य आणि पोलीस आचेतून हलवायचे. मागे किती राहणार तेही लिहिलंय: सैनिक १४,७००, पोलीस ९,१००. युरोपीय संघ आणि आसियान देशांचे निरीक्षक दोन्हीकडे मोजणीला हजर. पहिला हप्ता चुकला असता तर दुसरा कोणीच दिला नसता, म्हणून कुणालाच पूर्ण विश्वासाची गरज पडली नाही. एका हप्त्यापुरता पुरला. ‘दोन्ही पक्षांनी परस्परविश्वास निर्माण करावा’ असलं वाक्य परिशिष्टात दिसलं की मी समासात काट मारते. विश्वास ही मागायची गोष्ट नव्हे. पायरी केवढी ठेवली आहे, ते बघायचं.

उत्तर आयर्लंडमध्ये हीच पायरी चुकीच्या जागी पडली आणि तिथेच गाडं वारंवार रुतलं. एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारात कैदी दोन वर्षांत सोडायचं पक्कं होतं, हत्यारांबद्दल मात्र पक्षांनी ‘आपलं वजन वापरावं’ एवढंच. कैदी सुटले. हत्यारं निकालात निघाली सप्टेंबर २००५ मध्ये. कॅनडाचे निवृत्त जनरल जॉन द शास्टलेन यांच्या आयोगानं ते जाहीर केलं; साक्षीला एक कॅथलिक आणि एक मेथडिस्ट धर्मगुरू. फोटो काढायचा नाही ही आयआरएची अट, कारण फोटो म्हणजे शरणागती. दरम्यान स्थानिक सरकार पुन्हा पुन्हा बसलं आणि पडलं. तरी तो करार टिकला. का टिकला, ते पुढे.

निवडणूक कधी आहे?

हा प्रश्न लोक विचारत नाहीत, कारण निवडणूक म्हणजे चांगलीच गोष्ट असं आपण धरून चालतो. अंगोला आणि मोझांबिक एकाशेजारी एक ठेवून वाचा. दोन्ही पोर्तुगालच्या जुन्या वसाहती, दोन्ही १९७५ मध्ये स्वतंत्र, दोन्हीकडे डाव्या सरकारविरुद्ध बाहेरच्या पैशावर पोसलेले बंडखोर.

अंगोलाचा बिसेसे करार मे १९९१ चा. निवडणूक सप्टेंबर १९९२ मध्ये ठरवून टाकलेली. त्याआधी दोन्ही फौजा मोडून एक राष्ट्रीय सेना उभी राहायची होती. फौजा कागदावर मोडल्या. मतदानाच्या दिवशी युनिटा या बंडखोर संघटनेचे हजारो सैनिक हत्यारांसकट जिथल्या तिथे होते. एवढ्या अवाढव्य देशावर लक्ष ठेवायला संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक होते साडेतीनशेच्या आसपास. मोहिमेच्या प्रमुख मार्गारेट अ‍ॅन्स्टी तेव्हापासूनच तक्रार करत होत्या, की भलं मोठं विमान दिलंय आणि इंधन छोट्याचं. अध्यक्षपदाच्या मतदानात सत्तेवरचे अध्यक्ष दुस सांतुस यांना ४९.६ टक्के, युनिटाचे नेते जोनास साविंबींना ४०.१. निम्म्याहून थोडं कमी, म्हणजे दुसरी फेरी घ्यायला हवी होती. ती कधी झालीच नाही. जो जिंकेल त्याला सगळं आणि जो हरेल त्याला काहीच नाही, अशी मांडणी होती. हरणाऱ्याजवळ फौज शाबूत होती. युद्ध आणखी दहा वर्षं चाललं आणि फेब्रुवारी २००२ मध्ये साविंबी मारले गेल्यावरच थांबलं.

मोझांबिकचा करार रोममध्ये ४ ऑक्टोबर १९९२ ला झाला, म्हणजे अंगोलाच्या निवडणुकीनंतर आठवडाभरात. बोलणी जमवली होती सांत’एजिदिओ या कॅथलिक सेवाभावी मंडळानं. त्यांच्याजवळ ना सैन्य, ना पैसा, पण वेळ भरपूर. अंगोलाचा धडा ताजा असल्यामुळे संयुक्त राष्ट्रांनी या वेळी हजारोंची फौज पाठवली. मोहिमेचे प्रमुख आल्दो आयेल्लो यांनी निवडणूक एक वर्ष पुढे ढकलली: आधी फौजा मोडायच्या, मग मतं. घरी जाणाऱ्या सैनिकाला दोन वर्षं दरमहा भत्ता. आणि रेनामो या बंडखोर संघटनेचा राजकीय पक्ष बनवायला देणगीदार देशांनी, त्यातही इटलीनं, कोट्यवधी डॉलर मोकळे केले. राजधानीत कार्यालयं, घरं, गाड्या. तेव्हा यावर पुष्कळ नाकं मुरडली गेली: खुनी लोकांना बंगले? माझं मत सांगायचं तर हा खर्च त्या सगळ्या मोहिमेतला सर्वांत स्वस्त होता. जंगलातल्या कमांडरला शहरात येऊन निवडणूक हरायची, आणि हरूनही माणसासारखं राहायची सोय त्यातून झाली. ऑक्टोबर १९९४ मध्ये रेनामो हरली. संसदेच्या २५० पैकी ११२ जागा मिळाल्या, आणि त्यांचा नेता अफोन्सो धलाकामा विरोधी पक्षाचा पुढारी झाला.

तेव्हा तपासायची गोष्ट ही, की हरणाऱ्यासाठी करारात काय आहे. मिझोराममध्ये जून १९८६ च्या करारानंतर काँग्रेसचे मुख्यमंत्री ललथनहवला खुर्चीवरून उतरले आणि वीस वर्षं बंडाचं नेतृत्व केलेले लालडेंगा त्या खुर्चीत बसले. निवडून आलेल्या माणसानं जागा सोडणं हे पाहायला सोपं वाटतं. आपापल्या राज्यातले किती मुख्यमंत्री हे करतील, याचा अंदाज ज्यानं त्यानं घ्यावा.

नोकरी कुणाची जाते?

बंडखोरांचं काय होणार हे सगळे विचारतात. सरकारी बाजूच्या हवालदाराचं, कारकुनाचं, मेजरचं काय होणार? दक्षिण आफ्रिकेची गोष्ट सांगताना लोक मंडेलांच्या पक्षाचे वाटाघाटीकार सिरिल रामाफोसांनी सरकारचे वाटाघाटीकार रूल्फ मायर यांच्या बोटातला मासेमारीचा गळ कसा काढला आणि मैत्री कशी जमली, ते रंगवून सांगतात. गोष्ट गोड आहे. पण गाडी पुढे नेली ती जो स्लोवो यांच्या १९९२ मधल्या प्रस्तावानं. कम्युनिस्ट पक्षाचे नेते, सशस्त्र लढ्याचे जुने सूत्रधार. त्यांनीच मांडलं, की निवडणुकीनंतर पाच वर्षं संयुक्त सरकार चालवू आणि गोऱ्या सरकारी नोकरांच्या नोकऱ्या व पेन्शन सांभाळू. जे नोकरशहा आणि अधिकारी सत्तांतर सहज हाणून पाडू शकले असते, त्यांना यामुळे निवृत्तीपर्यंतचा हिशेब दिसला. स्वतःच्या माणसांकडून स्लोवोंना बोलणी बसली ती वेगळीच.

पोलीस तर स्वतंत्रपणे पाहा. एल साल्वादोरमध्ये जुने पोलीस बरखास्त करून नवं नागरी दल उभं केलं: वीस टक्के माजी गनीम, वीस टक्के जुने पोलीस, साठ टक्के दोन्हींशी संबंध नसलेले. उत्तर आयर्लंडमध्ये २००१ मध्ये पोलीस दलाचं नाव, बोधचिन्ह बदललं आणि भरती निम्मी कॅथलिक, निम्मी इतर अशी सुरू झाली. दार वाजवणारा पोलीस कोण, यावर माणूस शांततेवर विश्वास ठेवतो.

उलट बाजू रवांडाची, आणि ती वाचताना हात थंड पडतात. ऑगस्ट १९९३ चा आरुशा करार कागदावर फार काटेकोर होता. नव्या सैन्यात ६० टक्के सरकारी आणि ४० टक्के बंडखोर, अधिकारी निम्मे-निम्मे. याचा अर्थ सरकारी बाजूच्या हजारो सैनिकांना घरी जायचं होतं, आणि सत्तेभोवतीच्या टोळक्याचं सगळंच जायचं होतं. सर्वांत कडव्या पक्षाला मंत्रिमंडळाबाहेर ठेवलं होतं. त्या मंडळींनी करार मोडायची तयारी उघड चालवली होती, रेडिओवरून विष पेरणं चालू होतं, आणि त्यांना आवरायला संयुक्त राष्ट्रांचे अडीच हजार सैनिक, तेही बांधलेल्या हातांनी. एप्रिल १९९४ पासून शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतांश अल्पसंख्य तुत्सी समाजाची. त्या कत्तलीचा दोष कराराच्या मसुद्यावर टाकता येत नाही. ती ठरवून केलेली होती. पण ज्यांना करार बुडवायचाच आहे त्यांना बाहेर ठेवायचं तर त्यांना रोखणारं बळ आधी उभं करावं लागतं, एवढं त्यातून दिसतं.

खोलीबाहेर कोण उरलं

सह्या करणाऱ्यांची यादी घ्या आणि ज्यांच्या हातात बंदूक आहे त्यांच्या यादीशी ताडून पाहा. नोव्हेंबर १९७५ चा शिलाँग करार नागा चळवळीतल्या काही जणांनी केला; परदेशात असलेल्या नेत्यांना तो विश्वासघात वाटला आणि १९८० मध्ये नवी, जास्त कडवी संघटना उभी राहिली. तिच्याशी शस्त्रसंधी व्हायला १९९७ उजाडलं.

सगळ्यांना आत घेणं शक्य नसतंच. मग बाहेरचे बॉम्ब फोडणार, हे गृहीत धरून आतले त्या दिवशी काय करतात ते पाहायचं. उत्तर आयर्लंडचा करार टिकला कशामुळे, याचं माझं उत्तर इथे आहे. करारावर मे १९९८ मध्ये सार्वमत झालं: उत्तरेत ७१ टक्के होकार, आयर्लंड प्रजासत्ताकात ९४. तीन महिन्यांत, १५ ऑगस्टला, फुटीर गटानं ओमा गावात बॉम्ब उडवून २९ माणसं मारली. पूर्वी अशा घटनेनं बोलणी आठवड्यात मोडली असती. या वेळी शिन फेनच्या नेत्यांनीही त्याचा निषेध केला. बॉम्ब ठेवणाऱ्यांना ‘आम्ही जनतेच्या वतीनं’ म्हणायची सोय उरली नव्हती, कारण जनतेनं नुकतंच मत दिलं होतं. १९७३ चा सनिंगडेल करारही बराचसा असाच होता, पण तो पुढच्याच वर्षी युनियनवादी, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहू इच्छिणाऱ्या, कामगारांच्या संपानं पाडला. त्याला लोकांचा कौल नव्हता, आणि बंदूकवाले सगळे बाहेर होते.

बंदूक नसलेल्यांनाही मोजा. लायबेरियाची बोलणी २००३ मध्ये घानात अक्रा इथे रेंगाळली होती. सरदार मंडळी हॉटेलात आरामात, मायदेशी गोळे पडताहेत. लेमा बोवी आणि त्यांच्या सोबतच्या बायका सभागृहाच्या दाराशी हातात हात अडकवून बसल्या आणि करार झाल्याशिवाय कुणाला बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. ऑगस्टमध्ये सह्या झाल्या. त्यामागे चार्ल्स टेलर यांचं सत्ता सोडून जाणं आणि परदेशी सैन्याचं येणं हेही होतं. बायकांमुळेच सगळं झालं असं सांगणं भाबडेपणाचं ठरेल. पण वेळकाढूपणाला बसलेला तो पहिला दणका होता.

मला सर्वांत आवडणारा एक चौरस किलोमीटर

हा भाग थोडा आडवाटेचा आहे, पण वाचाच. पेरू आणि इक्वेडोर यांच्यात अ‍ॅमेझॉनच्या डोंगराळ सरहद्दीवरून १९४१, १९८१ आणि १९९५ मध्ये युद्ध झालं. शेवटी अडलं तिविन्सा नावाच्या ठाण्यावर. १९९५ मध्ये इक्वेडोरच्या सैनिकांनी ते लढवलं होतं आणि त्यांचे साथीदार तिथल्याच मातीत होते. पेरूच्या लेखी ती जमीन पेरूची. दोन्ही अध्यक्षांनी आधीपासूनचे हमीदार देश, म्हणजे अर्जेंटिना, ब्राझील, चिली आणि अमेरिका, यांना निर्णय द्यायला सांगितलं. हमीदारांनी अट घातली: निर्णय उघडण्याआधी दोन्ही संसदांनी तो मान्य असल्याचा ठराव करायचा. दोन्ही संसदांनी तो केला. मग निर्णय आला, की तिविन्सा पेरूच्याच सार्वभौमत्वाखाली, पण तिथला एक चौरस किलोमीटर इक्वेडोरला कायमचा खासगी मालमत्ता म्हणून. जमिनीवर कायदा पेरूचा, सातबारा जणू इक्वेडोरचा. तिथे जन्मलं मूल म्हणून इक्वेडोरचं नागरिक होत नाही, इतपत बारकावे लिहून ठेवलेत. ऑक्टोबर १९९८ पासून ती सरहद्द शांत आहे.

एखादी जागा ‘कुणाची’ हा प्रश्न अडला की करारात तो फोडून कुणाच्या पदरात काय घातलंय ते शोधा: मालकी कुणाची, ये-जा कुणाची, झेंडा कुणाचा, कर कुणाचा. प्रश्न न फोडता पुढे ढकलला असेल, तर भांडणही पुढेच ढकललेलं असतं.

गुन्ह्यांचं काय

इथे माझ्याजवळ तयार उत्तर नाही आणि कुणाजवळ असलं तर मला शंका येते. दक्षिण आफ्रिकेनं सत्य सांगेल त्याला माफी देऊ केली. सात हजारांवर अर्ज आले, माफी मिळाली ८४९ जणांना. ज्यांना ती नाकारली त्यांतल्या फारच थोड्यांवर पुढे खटले झाले, आणि तिथल्या कुटुंबांचा राग अजून त्यावरच आहे. कोलंबियानं २०१६ मध्ये फार्क या बंडखोर संघटनेशी करार करताना मधला मार्ग काढला: विशेष न्यायालयासमोर सगळं खरं बोलेल त्याला पाच ते आठ वर्षं स्वातंत्र्यावर बंधनं, तुरुंगाऐवजी नुकसानभरपाईचं काम, खोटं बोलेल त्याला वीस वर्षांपर्यंत कैद. हे ठरताना पीडितांचे गट बोलणी चालली होती त्या हवानाला नेऊन दोन्ही बाजूंसमोर बसवले होते. ऑक्टोबरमध्ये जनमत घेतलं आणि करार अर्ध्या टक्क्याहून कमी फरकानं पडला. बोहाया गावानं मात्र ९५ टक्क्यांहून जास्त होकार दिला. २००२ मध्ये याच गावातल्या चर्चवर फार्कनं सोडलेला सिलिंडर-बॉम्ब पडला होता आणि आत आसरा घेतलेली माणसं, त्यात कित्येक मुलं, मेली होती. ज्यांनी भोगलं त्यांनी होकार दिला आणि दूरच्या कित्येक शहरांत नकार भारी ठरला, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. करारात दुरुस्त्या झाल्या आणि नोव्हेंबरअखेरीस संसदेनं तो मान्य केला.

तारीख लावून फाइल पुन्हा काढा

सह्यांनंतर एक, पाच आणि दहा वर्षांची तारीख टाकून ठेवा आणि तेच प्रश्न परत विचारा. कोलंबियात फार्कनं जवळजवळ नऊ हजार हत्यारं संयुक्त राष्ट्रांना दिली. पण फार्क जिथून उठली त्या मुलखात सरकार वेळेवर पोचलं नाही. दुसऱ्या टोळ्या पोचल्या. हत्यार ठेवलेल्यांपैकी चारशेहून जास्त माणसं नंतर मारली गेली. ऐंशीच्या दशकात फार्कशी जवळीक असलेल्या पक्षाचे हजारो कार्यकर्ते असेच संपवले गेले होते, म्हणजे भीती नवी नव्हती. मोझांबिकमध्ये इतकं जमूनही २०१३ मध्ये पुन्हा चकमकी झाल्या, ऑगस्ट २०१९ मध्ये नवा करार करावा लागला, आणि रेनामोचा शेवटचा तळ बंद झाला जून २०२३ मध्ये. त्याही वेळी अडलेलं होतं जुन्या लढवय्यांचं पेन्शन.

नेपाळची फाइल मी अजून बांधून ठेवलेली नाही. कंटेनरांचं काम तडीस गेलं, राजेशाही गेली, माओवादी निवडणुका जिंकले आणि हरलेही. त्याच २००६ च्या करारानं बेपत्ता झालेल्यांची नावं साठ दिवसांत जाहीर करायचं वचन दिलं होतं. सत्यशोधनाचे आणि बेपत्तांचे आयोग नेमले गेले २०१५ मध्ये. साठ हजारांहून जास्त तक्रारी आल्या. त्यांच्यावर काम कसं करायचं याचा कायदा दुरुस्त व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडलं.